भांडणं मोजणारी सून

गल्लीत तिला सगळे भांडणबाई म्हणायचे, आणि ते नाव कानावर पडलं की नवा माणूस चार हात लांबच राहायचा. वास्तविक बाई इतकी गरीब, की भाजीवाल्याने किडकी वांगी पिशवीत टाकली तरी 'असू दे, त्यालाही कुठेतरी खपवायची असतात' म्हणून मुकाट घरी घेऊन यायची. नाव पडलं ते नोकरीमुळे. मत्स्य संशोधन संस्थेत ती भांडणं मोजायची. माशांची. हो, माशांचीच! एका घरातले मासे शेजारच्या घरातल्या माशांशी का भांडतात, कोण आधी धावून जातो, कोण मागे राहून नुसतीच शेपटी आपटतो, हे बघायचं, मोजायचं आणि त्यावर निबंध लिहायचे. याचा दरमहा पगार मिळतो, हे सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. सासूबाई गप्प बसल्या, ही त्या घराच्या इतिहासातली मोठीच घटना होती.

कारण सासूबाई म्हणजे भांडणातल्या उस्ताद. जिन्यातल्या चपला, वरच्या मजल्यावरून गळणाऱ्या कुंड्या, दाराशी वाजणारी स्कूटर, त्यांना काहीही पुरायचं. भांडून आल्या की गाल लाल, डोळ्यांत चमक आणि चांगली सडकून भूक. दुसऱ्या दिवशी त्याच शेजारणीकडे वाटीभर भाजी घेऊन जाणार. "भांड्याला भांडं लागायचंच," म्हणायच्या, "लागू दे की! आवाज आला की कळतं, घरात भांडी आहेत."

आता अशा बाईला सून यावी तर कशी? आई-वडील लहानपणीच गेलेली, मामाकडे वाढलेली, शिकलेली, आणि तोंडात कायम मिठाची गुळणी. सासूबाईंना वाटलं होतं, सून आली की घरातल्या घरात सोय होईल, भांडायला जिना उतरायला नको. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मोठ्या आशेने म्हणून बघितलं, "भाजी खारट झालीय." सून म्हणाली, "हो आई, माझंच चुकलं." झालं! माझंच चुकलं! आता यावर माणसाने पुढे बोलायचं तरी काय? बरं, भाजी खारट नव्हतीच. लग्नाला वीसेक वर्षं होत आली तरी सासूबाईंचे सगळे बाण असे गवतात पडत होते. मुलगा चष्म्याच्या दुकानात काम करणारा, बापासारखाच शांत, त्याच्याकडून आशा नव्हतीच. "खाल मुंडी पाताळ धुंडी," असं त्या शेजारणींना सुनेबद्दल सांगायच्या. "मनात काय आहे, पत्ता लागू देत नाही. शिकलेली आहे ना, आमच्याशी कशाला तोंड लागेल?" आणि हे सांगताना त्यांना खरंच वाईट वाटायचं.

संस्थेतली तिची खोली लांबलचक होती, एका बाजूला उंच खिडक्या, सकाळभर ऊन. भिंतीलगत टाक्याच टाक्या, हवेच्या नळ्यांची बुडबुड आणि ओल्या वाळूचा वास. मासे बोटाएवढे, रंगाने मातकट, फक्त परांच्या कडेला निळी रेघ. दिसायला काही खास नाहीत, पण संसार बघावा तर यांचा. एक थोरलं जोडपं, आणि त्यांच्या हाताखाली दीर, नणंदा, मावश्या, कोण कुठले लांबचेसुद्धा. पालथ्या घातलेल्या फुटक्या कुंडीचं घर. धाकट्यांनी तोंडात वाळू धरून बाहेर टाकायची, अंड्यांची राखण करायची, आणि शेजारी कुरापत काढायला आले की पुढे व्हायचं. जो कामचुकारपणा करील त्याला थोरले झोडपून घराबाहेर काढणार. एकत्र कुटुंबाचे सगळे फायदे आणि सगळे ताप तिथे गुडघाभर पाण्यात मांडलेले होते.

प्रत्येक टाकीत अशी दोन बिऱ्हाडं. मधे आरपार काच, आणि काचेला लागून एक काळी फळी. फळी वर ओढली की दोन्ही घरांना एकमेकांची तोंडं दिसायची, आणि मग काय विचारता! पर ताठ, गालफडं फुगलेली, काचेवर धडका. ती काळ्या पडद्याआड बसून फटीतून बघायची आणि धडका मोजायची. थोड्या वेळाने फळी खाली. कुणाला ओरखडा नाही, कुणाचं पोट फाटलेलं नाही. मधली काच तिने कधीही काढली नव्हती. काढायचीच नाही, हा तिचा नियम होता.

या खोलीवर डोळा ठेवला कोळंबीवाल्या सरांनी. त्यांचा विभाग शेजारचा, गृहस्थ जाडजूड आणि बोलण्यात वस्ताद. त्यांच्या कोळंबीला ऊन हवं होतं. एके दिवशी बोळात त्यांनी तिला गाठलं आणि योजना सांगितली. दर्शनी दालनात नवी भलीमोठी टाकी आली होती, तिच्यात हिचे सगळे मासे सोडायचे. "सगळे एकत्र, बाई! येणाऱ्या-जाणाऱ्यालाही बघायला मिळतील. मासे ते मासे, पाणी ते पाणी."

सगळी बिऱ्हाडं एका टाकीत, मधे काच नाही! दांडगी घरं चांगल्या कुंड्या बळकावणार आणि बाकीच्यांना या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हाणत राहणार. धाकटे आधी मरणार, मग उरलेले. हे तिला हाताच्या रेषांसारखं ठाऊक होतं. मग ती काय म्हणाली? काय म्हणावं तिने? "हो सर, बघू." अरे देवा! ज्यांच्यावर उभी हयात घातली त्यांच्या जिवाशी गाठ, आणि ही म्हणते बघू!

नंतर तिने संचालकसाहेबांना कसंबसं सांगितलं, की साहेब, ते एकत्र राहू शकत नाहीत, भांडतात. साहेब म्हणाले, "घरात कोण भांडत नाही? म्हणून काय सगळ्यांना स्वतंत्र बिऱ्हाड द्यायचं? मी येतो, दाखवा मला भांडण. पटलं तर बघू." ते मात्र खरोखर बघणारे होते.

त्या संध्याकाळी ती भात नुसताच चिवडत बसली. सासूबाईंनी खोदून खोदून सगळं काढून घेतलं, आणि त्यांच्या अंगात वीस वर्षांचं बळ एकदम आलं. म्हणजे अखेर या घरात कुणालातरी त्यांच्या विद्येची गरज पडली! ताटं बाजूला सारून शिकवणी सुरू झाली.

"समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. कपाळाकडे बघायचं. डोळ्यांत बघितलं की तुझ्यासारखीला दया येते. आवाज आधी चढवायचा नाही, त्याला चढवू द्यायचा. आणि विषय सोडायचा नाही. त्याने तुझ्या सात पिढ्या काढल्या तरी तू कोळंबीवरच राहायचं. कळलं? चल, मी कोळंबीवाला."

सासूबाई हातात उलथनं घेऊन, पोट पुढे काढून उभ्या राहिल्या. "काय हो बाई, खोली कधी देताय?"

"सर, तुमचंही बरोबरच आहे म्हणा..."

सासूबाईंनी उलथन्यानेच कपाळ बडवून घेतलं. "अगं, त्याचं बरोबर आहे तर तो कशाला सांगायला हवाय? तूच देऊन टाक की खोली!"

"आई, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात."

"पाण्यात मासे आहेत! तू बाहेर आहेस! बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. परत म्हण."

ती परत म्हणाली, आणि पुन्हा त्याचंच बरोबर निघालं. नवरा दारातून डोकावला, आईच्या हातातलं उलथनं बघितलं आणि आल्या पावली परतला.

साहेब यायचे त्या दिवशी तिने दाराजवळची टाकी निवडली. सगळ्यांत स्वच्छ, काच लख्ख, वाळू पांढरी. आणि इथेच तिने माती खाल्ली. तुम्हीच बघा हं. इतकी वर्षं कुणीही पाहुणा आला, शाळेची सहल आली, की दाखवायला हीच टाकी. प्रत्येक वेळी फळी वर. म्हणजे या दोन घरांनी एकमेकांची तोंडं इतक्यांदा बघितली होती, की कुठवर आपलं आणि कुठून त्यांचं, हे कधीचं ठरून गेलेलं. जुना शेजारी ओळखीचा झाला की मासे त्याच्यावर ताकद वाया घालवत नाहीत. हे तिनेच शोधून काढलं होतं! तिच्याच निबंधात छापलं होतं! पण पाहुणे येणार म्हटल्यावर बाईमाणसाचा जीव आधी चांगल्या चादरीकडे धावतो, त्याला कोण काय करणार?

साहेब आले, मागे कोळंबीवाले सर आले. तिने फळी ओढली.

अलीकडच्या थोरल्याने काचेपलीकडे बघितलं. पलीकडच्या थोरल्याने अलीकडे बघितलं. एकाने चिमूटभर वाळू तोंडात घेऊन जिथल्या तिथे सोडली. दुसऱ्याने जांभई दिली, निदान दिसायला तरी ती जांभईच होती. मग दोघेही पाठ फिरवून आपापल्या कामाला लागले.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"आत्ता भांडतील, साहेब."

सगळे वाट बघत राहिले. एक मावशी कुंडीतून बाहेर आली, शेजाऱ्यांकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि आत गेली.

"आमच्या कोळंबीचं बरं," सर खुशीत म्हणाले. "एकमेकांना खातात तरी."

साहेब हसले. ती टाकीला हात लावून नुसती उभी होती, कानशिलं तापलेली. सरांनी तेवढ्यात डाव टाकला. "साहेब, काचेतून काय कळणार? मधली काच काढा, आणि त्या कोपऱ्यातल्या टाकीतलं एक परकं कुटुंब इकडे सोडा. येऊ द्या समोरासमोर. असेल भांडण तर दिसेल, नाहीतर मासे दालनात."

साहेबांना ते एकदम पटलं. "हे ठीक आहे. दाखवा असं करून, बाई. भांडण दिसलं तर तुमची खोली तुमची. माझा शब्द."

पाण्यात सोडायचा अवकाश, खोली जिंकलेली होती. परक्यांना समोर बघून हे मासे असे तुटून पडले असते, की साहेबांना मान फिरवावी लागली असती. जाळी तिच्या हातात होती. ती कोपऱ्यातल्या टाकीपाशी गेली. एक कुटुंब गेलं तर बाकीची सगळी वाचत होती, हिशोब अगदी सरळ होता. त्या घरातली सगळ्यांत धाकटी, जिला ती मनातल्या मनात टिकली म्हणायची, खाऊ आला समजून जाळीजवळ आली आणि तिच्या बोटांकडे बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?" साहेब.

"काच नाही काढणार."

"बाई, कमाल करता," सर म्हणाले. "भांडणावर तुमचं संशोधन, आणि भांडण लावायची तुम्हालाच भीती?"

"भीती आहे!" ती ओरडली. सासूबाईंची सगळी शिकवण त्या एका आरोळीत वाहून गेली. आवाज हिनेच आधी चढवला, तोही चिरका, आणि बघत होती थेट सरांच्या डोळ्यांत. "भीती आहे, कारण या माशांना ती नाही! तळ्यात हरलेला मासा पळून जातो. लांब जातो, दुसरी कपार शोधतो, जगतो. इथे हरलेल्याने जायचं कुठे? चार बाजूंना काच आहे! ज्याला हरल्यावर जायला जागा नाही, त्याच्याशी भांडण लावू नये. ते भांडण नसतं, सर. ती मारहाण असते. दालनातल्या टाकीत तुम्ही तीच करणार आहात, आणि लोकांना बोलावून दाखवणार आहात!"

खरं तर इथे थांबली असती तर शोभून दिसलं असतं. पण वीस वर्षांचं साचलेलं, ते काय शोभेसाठी थांबतंय? "आणि माझी दोन स्टुलं तुम्ही नेलीत, ती अजून परत आली नाहीत! आणि बोळातून जाताना तुम्ही मुद्दाम दार आपटता, माझे मासे दचकतात!"

"मी मुद्दाम?" सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "साहेब, ऐका हे!"

"मुद्दाम! रोज!"

साहेबांनी दोन्ही हात वर केले. जरा विचार केला, टाकीत बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "खोली कोळंबीला लागेल, त्यांना ऊन हवं, ते काही बदलत नाही. पण एका टाकीत घालायचं रद्द. बाई, तुम्ही जिन्यामागची खोली घ्या. काचा, फळ्या, बिऱ्हाडं, सगळं जसंच्या तसं."

"तिथे उजेड नाही."

"दिवे देऊ."

"ओल आहे."

"बाई!"

"भिंत नीट करून द्या. आणि स्टुलं."

सर स्टुलं आणायला निघून गेले. जाताना दार मात्र त्यांनी हलकेच लावलं.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना शब्दन् शब्द हवा होता. खोली गेली हे ऐकून चुकचुकल्या, मासे वाचले हे ऐकून टाळी दिली, स्टुलांपाशी तर त्यांना धन्य धन्य वाटलं. "आणि त्याच्या आधी काय म्हणालीस? ज्याने साहेब नरमला ते?"

तिने सांगितलं. ज्याला हरल्यावर जायला जागा नाही, त्याच्याशी भांडण लावू नये.

सासूबाईंची मान डोलायची थांबली. "हे कुठे शिकलीस? माशांकडून?"

"माशांकडून नंतर," ती म्हणाली. अंगातलं वारं अजून पुरतं उतरलं नव्हतं, म्हणून बोलून गेली. "मामीकडून आधी. लहान होते. मामेबहिणीशी कंगव्यावरून भांडले होते. मामी रागावलीसुद्धा नाही. केस विंचरता विंचरता म्हणाली, इथे पटत नसेल तर बघ बाई, दुसरीकडे कुठे जातेस का. आई, दुसरीकडे कुठे नव्हतंच. मग नाही भांडले परत."

"कुणाशीच?"

"कुणाशीच."

"माझ्याशीही म्हणून..." सासूबाई मटकन खाली बसल्या आणि तशाच ताडकन उठल्या. रागाने लाल झाल्या होत्या, पण असा राग गल्लीने कधी बघितला नसेल. डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडाचा पट्टा चालू. "अगं मेले! मला वाटलं, तुला माझ्याशी बोलायचंच नाही! मला वाटलं, ही मला हिशोबातच धरत नाही! रोज भाजी खारट म्हणत होते ती काय तुला घराबाहेर काढायला? दोन शब्द बोलशील म्हणून गं! ऐक. भांड, हर, जिंक, ताटं फेक, काय वाटेल ते कर. या घरातून तू कुठेही जायची नाहीस. रागावून जायचंच झालं तर मी जाईन. खालच्या मजल्यावर. आणि जेवायला परत येईन. आता बोल. काय खुपतं तुला माझं?"

"काही नाही, आई."

"बोल म्हणते ना!"

ती पदराशी चाळा करत राहिली. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"तुम्ही माझा टॉवेल वापरता."

"काय?"

"पहिल्या दिवसापासून. माझा टॉवेल घेता, आणि ओल्याचा ओला खुंटीला टांगून ठेवता. मला नाही आवडत. अजिबात नाही आवडत!"

सासूबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि कमरेवर हात ठेवले. "तुझा टॉवेल? तुझा कुठून आला? माझ्या लेकाने आणलाय तो!"

"मी आणलाय! निळा घेऊ की हिरवा, तुम्हालाच विचारलं होतं!"

"मला विचारलंस म्हणजे तो माझाच झाला!"

नवरा दुकान बंद करून जिना चढत होता. वरून दोन आवाज येत होते. एक तर त्याच्या जन्माच्या ओळखीचा. दुसरा कुणाचा, हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो वर न जाता पायरीवरच बसला आणि हळूच बूट काढू लागला. वरचा दुसरा आवाज आता उशीच्या अभ्र्यांवर आला होता.